मामाफेरी

४ सप्टेंबर

मामा,

१. काल, रविवारी, दुपारी तू माझ्या खोलीवर आलास. सोबत त्या हायब्रिड गाडीचं माहितीपत्रक होतं. ते तू माझ्या ताटाशेजारी उघडून ठेवलंस.

२. तू विचारलंस, "ही गाडी करसवलतीच्या यादीत राहणार ना?" मी म्हणाले, "ते मी सांगू शकत नाही."

३. तू विचारलंस, "सध्या तुमच्याकडे हिचीच फेरचाचणी चालू आहे ना?" मी म्हणाले, "भाजी घे."

४. तू हसलास आणि भाजी घेतलीस.

५. आज सकाळी मामीचा फोन आला. तू टॅक्सी स्टँडवर सगळ्यांना सांगितलंस म्हणे, "माझी भाची चाचणी केंद्रात इंजिनियर आहे. ती म्हणाली, बिनधास्त घ्या."

६. मी असं म्हणाले नाही.

फोनवर बोललेलं तू तुला हवं तसं ऐकतोस, म्हणून हे लिहून पाठवते आहे. जपून ठेव.

निकाल जाहीर होईपर्यंत फेरचाचणीबद्दल कोणाशी बोलायचं नाही, ही माझ्या नोकरीची अट आहे. तू निवृत्त होऊन टॅक्सीवर येईपर्यंत त्याच केंद्रात काम केलंस, तुला हे नव्याने सांगायला नको. पण स्टँडवरच्या लोकांना कदाचित पुढचं माहीत नसेल. पूर्ण सवलत हवी असेल तर जुनी गाडी आधी भंगारात द्यावी लागते. नवी ताब्यात यायला तीनेक आठवडे लागतात. आणि तिची नोंदणी होईल त्या दिवशी ती यादीत असेल तरच कर माफ होतो. म्हणजे मधल्या काळात त्यांच्याकडे ना जुनी गाडी, ना नवी. सवलत नसेल तर ही गाडी तुमच्यापैकी एकालाही झेपणार नाही, हे तूच काल म्हणालास. दाबयंत्रात गेलेली टॅक्सी कोणी उलगडून परत देत नाही.

स्टँडवर जा आणि सांग, भाची काहीही म्हणाली नाही. एवढंच कर.

तुझी भाची


८ सप्टेंबर

प्रिय मोजपट्टी,

नंबर घातलेलं पत्र पोचलं. मामीला आधी वाटलं कोर्टाची नोटीस आली. मग चष्मा लावून वाचलं, चौथ्या नंबरला खो खो हसली आणि म्हणाली, "पोरीने तुमचं भाजी घेणंसुद्धा नोंदवलंय. आता तरी सुधारा."

बरं, तू काही म्हणाली नाहीस, कबूल. शंभरदा कबूल. पण मला एक सांग, गाडी नापास होणार असती तर तू इतक्या थंडपणे "भाजी घे" म्हणाली असतीस? तू दुपट्यात होतीस तेव्हापासून तुझा चेहरा मला पाठ आहे. खोटं बोलायची वेळ आली की तुझे कान लाल होतात. रविवारी नव्हते. मी काय समजायचं ते समजलो, आणि तू नियम मोडला नाहीस. दोघंही सुटलो.

स्टँडवरची अवस्था तुला खोलीत बसून कळायची नाही. आमच्या सगळ्या गाड्या आता म्हाताऱ्या झाल्यात. पैलवान म्हणतो, "मामा, माझी टॅक्सी माझ्याहून जास्त खाते, आणि मी तरी निदान व्यायाम करतो." दिवसभर गाडी हाकायची आणि संध्याकाळी कमाई पंपावर ओतून यायची, असं चाललंय. ही एकच गाडी अशी आहे की चार माणसं, त्यांचं सामान आणि पैलवानाचं पोट, तिन्ही मावतं. तिच्यावरचा कर गेला की हप्ता बसतो. फक्त मास्तर कुरकुरतात. शाळा सोडून टॅक्सीवर आले, पण पेपर तपासायची सवय गेली नाही. माहितीपत्रकाच्या तळाची बारीक अक्षरं भिंगाने वाचतात.

त्यांना मी सांगितलं, मास्तर, ही गाडी यादीत आली ती माझ्याच हातून. नोकरीच्या शेवटच्या वर्षी हिची पहिली चाचणी मी केली. मी ओळखतो हिला.

काय गं, मामाफेरी अजून मारता ना? गाडी सकाळी थंड खोलीतून आणायची, रोलरवर चढवून बांधायची आणि चाचणीआधी रोलरनेच तिची चाकं फिरवून घ्यायची. टायर, बेअरिंग सगळं मोकळं होतं, आकडे कसे एका रांगेत येतात. कुठल्या पुस्तकात नाही ते. मी सुरू केलं. अजून पोरं म्हणतात का, "मामाफेरी झाली का रे?" मला बरं वाटेल ऐकून.

जेवत जा.

मामा


१२ सप्टेंबर

मामा,

म्हणतात. रोज सकाळी.

तू स्टँडवर जाऊन खुलासा केला नाहीस, हे पत्रावरून कळलं. आता दोन गोष्टी.

एक. जुन्या गाड्या या महिन्याच्या अखेरपर्यंत कोणीही देऊ नका. थांबा. कारण विचारू नकोस, मी सांगणार नाही.

दोन. मामाफेरीच्या वेळी तू गाडीचा गियर कशावर ठेवायचास? आणि हायब्रिडची बॅटरी किती भरलेली आहे, ते फेरीच्या आधी बघायचास की नंतर? नियमात फेरीचा उल्लेखच नाही, त्यामुळे क्रम मला तुझ्याकडूनच समजून घ्यायचा आहे.

मी बरी आहे. मामीने विणलेला स्वेटर मिळाला. डावी बाही उजवीपेक्षा लांब आहे. तसाच घालते आहे.

पुन्हा लिहिते : महिनाअखेरपर्यंत थांबा.

तुझी भाची


१७ सप्टेंबर

प्रिय मोजपट्टी,

बाहीचं मामीला सांगितलं नाही. मला त्याच घरात राहायचंय.

तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. इतक्या शिकलेल्या पोरीला म्हाताऱ्याला काही विचारावंसं वाटलं! तर ऐक. गियर चालूवर ठेवायचा, न्यूट्रलवर मुळीच नाही. न्यूट्रलवर ठेवलं तर आतली दातेरी चाकं थंडच राहतात आणि फेरीला अर्थ उरत नाही. बॅटरी बघायची ती फेरीच्या आधी, गाडी खोलीतून आली की लगेच. नियमात तसंच आहे, "खोलीतून आणल्यावर". मग फेरी, मग चाचणी, आणि चाचणी संपली की बॅटरी पुन्हा बघायची. आधीची आणि नंतरची सारखी आली म्हणजे गाडीने बॅटरीतलं काही उसनं घेतलं नाही, जे काय चालली ते पेट्रोलवर. या गाडीची तर अगदी काट्यावर सारखी आली होती. साहेब स्वतः खाली उतरून आले होते बघायला.

आता तुझं "थांबा". मी ते स्टँडवर वाचून दाखवलं. (फक्त ते वाक्य. बाकी घरातलं.) असा गोंधळ झाला म्हणून सांगू!

पैलवान म्हणाला, "थांबा म्हणजे पुढच्या महिन्यात सवलत वाढतेय."

मास्तर म्हणाले, "किंवा बंद होतेय."

"बंद होत असती तर पोरगी 'पळा' म्हणाली असती, 'थांबा' कशाला म्हणेल?"

"अहो, सरकारी नोकरीतला माणूस 'पळा' कधी म्हणतो का? सवलतीचा निधी संपत आला की वरून तोंडी हुकूम येतो, लोकांना थांबवा. ही बिचारी हुकूम पाळतेय. पण मामांना दोनदा लिहिते म्हणजे काय? की मामा, मी असं सांगतेय, तुम्ही काय ते ओळखा."

मास्तरांसारखा शंकेखोर माणूस असं म्हणाला, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही पटलं. तू सरळ बोलणारी मुलगी, कारण सांगायचं टाळतेस म्हणजे त्यात काहीतरी आहेच. तेव्हा आम्ही ठरवलंय, महिनाअखेरची वाट बघायची नाही. बुधवारी पहिल्या दोन गाड्या देतोय. माझी आणि पैलवानाची. मी पुढारी, मी मागे राहून कसं चालेल? बाकीचे तीस तारखेच्या शनिवारी. ताफाच नेतो म्हणालो.

खाणाखुणा कळायला मामाच लागतो, काय?

मामा


२२ सप्टेंबर

बाळ,

मी पत्र लिहिते आहे हे त्यांना माहीत नाही. ते बाहेर ओट्यावर बसलेत. परवापासून तिथेच बसतात. गाडी उभी असायची त्या जागेकडे तोंड करून.

बुधवारी मीही गेले होते भंगारवाल्याकडे. म्हटलं, इतकी वर्षं त्या गाडीत बसलो, सोबत करावी. तिथल्या माणसाने विचारलं, "आत काही राहिलंय का?" हे म्हणाले, "नाही." मग धावत गेले आणि आरशाला लटकवलेली ती छोटी पितळी शिट्टी काढून आणली. तू लहानपणी मागच्या सीटवर बसून वाजवायचीस ती. मग त्या यंत्राने गाडी उचलली. मला वाटलं होतं खूप आवाज होईल. फारसा झाला नाही. पैलवानाची त्यांच्या पाठोपाठ गेली. इतका धिप्पाड माणूस, पण मान फिरवून उभा होता. परत येताना आम्ही तिघं बसने आलो. पैलवानाने माझं तिकीट काढलं.

ते तुझ्या पत्राचा अर्थ सगळ्यांना समजावत फिरतात. मी तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मला इंजिनियरिंग कळत नाही. पण तू लहानपणापासून एक गोष्ट दोनदा सांगत नाहीस. पाणी हवं असलं तर एकदा मागायचीस, नाही दिलं तर स्वतः उठून घ्यायचीस. "थांबा" मात्र दोनदा लिहिलंस. आणि फेरीचं ते कशाला विचारलंस? सहज विचारणाऱ्यातली तू नाहीस.

काही बिघडलंय का? पैलवानाच्या घरी त्याची आई आहे, दोन मुली आहेत. तो रोज येऊन विचारतो, "मामा, नवी गाडी कधी?" आणि हे रोज त्याच्या पाठीवर थाप मारतात.

मला सांगता येण्यासारखं नसेल तर नको सांगूस. पण त्यांना सांग.

मामी


२६ सप्टेंबर

मामा,

आज सकाळी केंद्राने सूचना जाहीर केली. त्या गाडीची सवलत स्थगित झाली आहे. त्यामुळे आता मी लिहू शकते.

सगळ्यात आधी हे कर : शनिवारी कोणीही गाडी भंगारात द्यायची नाही. मास्तरांना सूचना वाचायला दे, ते इतरांना समजावतील. मामीने मला लिहिलं होतं. तिच्यावर रागावू नकोस. तिला पत्राचा अर्थ बरोबर कळला होता.

आता झालं ते सांगते. ऑगस्टच्या अखेरीस एका सकाळी गाडी बांधायच्या पट्ट्याची कडी तुटली. दुसरी मिळेपर्यंत वेळ जाऊ नये म्हणून आम्ही रोलर नुसतेच फिरवून गरम केले आणि गाडी नंतर चढवली. म्हणजे त्या दिवशी मामाफेरी झाली नाही. गाडीने मर्यादेपेक्षा जास्त पेट्रोल घेतलं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. दुसऱ्या दिवशी फेरी करून चाचणी घेतली, गाडी पास झाली. तिसऱ्या दिवशी फेरीशिवाय, नापास. तुला जेवणाच्या टेबलावर मी भाजी घ्यायला सांगितली, तेव्हा माझ्याकडे हे तीन निकाल होते आणि कारण नव्हतं. कान लाल झाले नाहीत, कारण मी खोटं बोलत नव्हते.

कारण तुझ्या पत्रात आहे. साध्या पेट्रोल गाडीची चाकं रोलरने फिरवली तर ती फक्त गरम होतात. हायब्रिडचा गियर चालूवर असेल तर तिला वाटतं आपण उतारावरून चाललो आहोत, आणि ती बॅटरी भरून घेते. तू बॅटरी बघायचास ती त्याच्या आधी. मग फेरीत बॅटरी भरायची, चाचणीत गाडी ते फुकटचं भरलेलं वापरायची, आणि शेवटी बॅटरी पुन्हा होती तिथे यायची. म्हणून आधीचा आणि नंतरचा आकडा काट्यावर सारखा आला. गाडीने उसनं घेतलं होतं, मामा. ते तिला रोलरने दिलं होतं.

तू कोणतीही लबाडी केली नाहीस. नियमात लिहिलं होतं तेव्हाच बॅटरी बघितलीस. साध्या गाड्यांसाठी तुझी फेरी योग्य आहे आणि चालू राहणार आहे. हायब्रिडसाठी ती कालपासून बंद केली.

तेरा तारखेला मी आमच्या विभागप्रमुख बाईंना दोन गोष्टी सांगितल्या : फेरीबद्दलचा माझा संशय, आणि माझा मामा हीच गाडी घेतो आहे. त्यांनी मला लगेच त्या कामावरून काढलं. ते योग्यच होतं. चाचणी दुसऱ्याने पुन्हा घेतली, निकाल तेच आले. सूचना निघेपर्यंत तुझ्याशी संपर्क करायचा नाही, असं त्यांनी सांगितलं आणि मी हो म्हणाले. सूचना लवकर काढा, असं रोज जाऊन सांगत होते. बाई म्हणायच्या, "प्रक्रिया आहे, तिला लागेल तो वेळ लागेल."

तुझं सतरा तारखेचं पत्र मंगळवारी मिळालं. त्यात लिहिलं होतं, बुधवारी गाड्या देतोय. ते मी पुन्हा बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढून बाजूला ठेवला आणि नाही म्हणाल्या. एका घराला आधी कळलं तर उद्या यादीवर कोण विश्वास ठेवेल, असं त्यांचं म्हणणं होतं. बुधवारी सकाळी फोन माझ्यासमोर होता. मी तो उचलला नाही. माझं बरोबर होतं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तू ठरवलंस तर मला कळव.

आता पुढचं. यादीवर विसंबून ज्यांनी सूचनेआधी जुनी गाडी दिली, त्यांची सवलत कायम ठेवता येते. पण त्यासाठी यादीतली चूक केंद्राच्या पद्धतीची होती हे सिद्ध व्हावं लागतं. नाहीतर करखातं म्हणेल, पहिल्या चाचणीला आलेली गाडी चांगली निघाली आणि यंदाची वाईट, यात कोणाचाच दोष नाही. मग तुला आणि पैलवानाला काही मिळणार नाही. आणि अशी माणसं फक्त तुमच्याच स्टँडवर नसणार.

अडचण ही आहे की मामाफेरी कुठेही लिहिलेली नाही. आज काम करणारे सगळे म्हणतात, आम्हाला शिकवलं तसं करतो. पहिली चाचणी तू केलीस. तेव्हा फेरी झाली होती, गियर चालूवर होता आणि बॅटरी आधी बघितली होती, हे सांगू शकणारा तू एकटाच आहेस. मला घरी लिहिलेलं पत्र चालणार नाही. ते बाईंशिवाय मी कोणालाही दाखवलेलं नाही. तुला केंद्राच्या नावाने, सही करून, स्वतःहून लिहावं लागेल.

यात तुझं काय जातं ते मला माहीत आहे. केंद्रात तुझं नाव आता त्या फेरीतच उरलं आहे. पोरं ते प्रेमाने घेतात. तू लिहिलंस तर तेच नाव समितीच्या अहवालात येईल आणि तिथे कोणी ते प्रेमाने घेणार नाही. चूक कोणाची, हे लिहू नकोस. माफी मागू नकोस. फक्त क्रम लिही : आधी काय केलं, मग काय, मग काय. नंबर घालून लिहिलंस तर मला बरं वाटेल.

पैलवान रोज येतो, असं मामीने लिहिलं आहे. उद्या आला की त्याच्या पाठीवर थाप मारू नकोस. त्याला हे पत्र वाचून दाखव. या वेळी एक वाक्य नाही, सगळं.

शिट्टी सांभाळून ठेव.

समिती शुक्रवारी, सहा ऑक्टोबरला बसते आहे. तुझं पत्र गुरुवार, पाच तारखेपर्यंत केंद्रात पोचायला हवं. लिहिणार नसशील तर तेही मला पाच तारखेपर्यंत कळव.

तुझी भाची